परमिटचा अर्ज वाचणारा माणूस तुम्हाला ओळखत नाही

नेहमी मी इथे मसुराच्या मुळांबद्दल लिहिते. आज विषय वेगळा आहे, कारण गेल्या रविवारी मामाचा फोन आला. इथे सस्कटूनमध्ये सकाळचे दहा वाजले होते, म्हणजे लातूरला रात्रीचे साडेनऊ. एवढ्या उशिरा मामा सहसा फोन करत नाही.

"अगं, आपल्या पोराला तुझ्याच प्रांतात ॲडमिशन मिळालीय एम.एस्सी.ला. एजंट म्हणतोय, पैशाचं टेन्शन घेऊ नका, महिनाभर तुमच्या खात्यात आम्ही रक्कम दाखवतो. आणि मागच्या वर्षी त्याचा दुसऱ्या देशाचा टुरिस्ट व्हिसा नाकारला होता ना, ते अर्जात लिहूच नका म्हणतोय. दोन एकर गहाण टाकायची तयारी आहे माझी. तू काय म्हणतेस?"

मी म्हटलं, "मामा, आधी एजंटला थांबव. मग बोलू."

त्या दिवशी मामाशी आणि मामेभावाशी तास-दीड तास जे बोलले, तेच इथे नीट मांडून लिहिते आहे. मी काही इमिग्रेशनची वकील किंवा सल्लागार नाही. पण माझा स्वतःचा पहिला अर्ज २०२२ मध्ये नाकारला गेला होता आणि तो का नाकारला हे मी नंतर अक्षरशः प्रयोग फसल्यावर बघतात तसं बघितलं. त्यातून जे कळलं ते कुणाच्या तरी कामाला यावं.

परमिट म्हणजे व्हिसा नव्हे

पहिला गोंधळ इथेच होतो. कॅनडात सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचा अभ्यासक्रम करायचा तर स्टडी परमिट लागतं. पासपोर्टवर चिकटवतात तो व्हिसा. त्याचं काम तुम्हाला देशाच्या दारापर्यंत पोचवणं. परमिट म्हणजे आत राहून शिकण्याची परवानगी, आणि तो वेगळा कागद असतो. भारतातून अर्ज मंजूर झाला की मंजुरीचं पत्र आणि व्हिसा हे दोन्ही मिळतं. प्रत्यक्ष परमिट मात्र कॅनडातल्या पहिल्या विमानतळावर सीमा अधिकारी छापून हातात देतो. अर्ज आणि शुल्क एकदाच: अर्जाचे १५० आणि बायोमेट्रिक्सचे ८५ कॅनेडियन डॉलर. एजंट 'परमिटचे वेगळे, व्हिसाचे वेगळे' असे सरकारी शुल्काच्या नावाखाली पैसे मागत असेल तर तिथेच सावध व्हा.

दुसरा गोंधळ जास्त महागात पडतो. आपल्याला वाटतं ॲडमिशन मिळाली म्हणजे मोठं काम झालं, परमिट ही फक्त कागदपत्रांची औपचारिकता. मलाही तसंच वाटायचं. पण विद्यापीठ विचारतं, "ही मुलगी हा अभ्यास करू शकेल का?" परमिट देणारा अधिकारी तो प्रश्न विचारतच नाही. त्याचे प्रश्न वेगळे आहेत, आणि ते कायद्यात लिहिलेले आहेत.

अधिकाऱ्याचे तीन प्रश्न

एक, तुम्ही खरंच शिकायला येताय का? दोन, शिकण्याचा आणि राहण्याचा खर्च तुम्हाला झेपेल का? तीन, तुमची मुदत संपली की तुम्ही देश सोडाल का?

तिसऱ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त अडखळायला होतं. कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीतल्या नियम २१६ मध्ये हे स्पष्ट आहे: अर्जदार मुदत संपल्यावर परत जाईल याबद्दल अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. 'खात्री पटली पाहिजे' या शब्दांकडे लक्ष द्या. तुम्ही परत जाणार नाही हे अधिकाऱ्याला सिद्ध करावं लागत नाही. जाणार आहात हे तुम्हाला पटवून द्यावं लागतं. संख्याशास्त्र शिकलेल्यांसाठी सांगायचं तर सुरुवातीचं गृहीतक तुमच्या विरुद्ध आहे आणि पुरावा आणायची जबाबदारी तुमची.

मग लोक विचारतात, पुढे इथे स्थायिक व्हायची इच्छा असेल तर ती लपवायची का? नाही. त्याच कायद्याच्या कलम २२ मध्ये म्हटलंय की कायमच्या वास्तव्याची इच्छा असणं हे तात्पुरती परवानगी नाकारायचं कारण होत नाही. अट एवढीच की पुढे परवानगी मिळाली नाही तर तुम्ही नियमाने परत जाल. म्हणून "मी कधीही कॅनडात राहणार नाही, मला फक्त मातृभूमीची सेवा करायची आहे" छापाची वाक्यं लिहायची गरज नसते. ती कुणाला खरी वाटत नाहीत.

माझा अर्ज का नाकारला गेला

आता माझी गोष्ट. पुण्यातून एम.एस्सी. झाले, नंतर चौदा महिने घरी लातूरला होते. बाबांचं ऑपरेशन झालं होतं, आणि तेव्हाच एका शेती प्रकल्पात मी तुरीच्या मर रोगाचे नमुने गोळा करायचं काम करत होते. मग इथे पीएच.डी.ला निवड झाली, प्राध्यापकांनी स्टायपेंड देऊ केला. अर्ज भरला आणि सात आठवड्यांनी नकार आला. पत्रात दोन ठरावीक वाक्यं: तुमच्या भेटीचा उद्देश तात्पुरत्या वास्तव्याशी सुसंगत वाटत नाही, आणि तुमची आर्थिक परिस्थिती पुरेशी दिसत नाही.

चार दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. आई देवापुढे दिवा लावताना सुद्धा माझ्याकडे बघत नव्हती. बाबा म्हणाले, "आपल्या नशिबात नव्हतं." मला ते सगळ्यात जास्त लागलं, कारण नशिबावर सोडायचं तर एवढं विज्ञान कशाला शिकले?

नकाराच्या पत्रात खरं कारण नसतं. खरं कारण असतं अधिकाऱ्याने संगणकावर लिहिलेल्या टिपणांत. ती माहिती अधिकारासारख्या तरतुदीखाली मागवता येतात, शुल्क ५ डॉलर. मात्र अर्ज करणारी व्यक्ती कॅनडात असावी लागते किंवा तिथली नागरिक अथवा कायम रहिवासी असावी लागते. माझ्या होणाऱ्या प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याने माझ्या संमतीपत्रावर ती मागवली. (२०२५ पासून नकाराच्या पत्रासोबतच ही टिपणं जोडायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे तुमच्या पत्राच्या शेवटी आधी बघा.)

टिपणं जेमतेम सहा ओळींची होती. वाचली आणि राग विरघळला, कारण त्यातली एकही ओळ चुकीची नव्हती.

पहिलं: बाबांच्या खात्यात अर्जाच्या आठ दिवस आधी आठ लाख रुपये एकदम आले होते आणि ते कुठून आले याचा कागद नव्हता. आम्हाला माहीत होतं, सोयाबीनचे पैसे आणि चुलत्यांची मोडलेली ठेव. पण अधिकाऱ्याला कसं कळणार?

दुसरं: शिक्षण संपल्यावर चौदा महिन्यांचा खंड, स्पष्टीकरण नाही. प्रकल्पाचं प्रमाणपत्र घरातल्या फाइलमध्ये पडून होतं.

तिसरं: स्टायपेंडचा उल्लेख सापडत नाही. हे वाचून मी कपाळावर हात मारला. विभागाने पाठवलेलं निधीचं पत्र, म्हणजे माझा सगळ्यात मजबूत पुरावा, माझ्या ईमेलमध्येच राहिला होता. मी फक्त प्रवेशपत्र जोडलं होतं.

चौथं: अभ्यासाच्या योजनेत याच देशात हा विषय का शिकायचा ते स्पष्ट होत नाही. खरंच होत नव्हतं. मी 'जागतिक दर्जाचं शिक्षण', 'बहुसांस्कृतिक समाज' असली वाक्यं लिहिली होती, जी जगातल्या कुठल्याही देशाला आणि कुठल्याही विषयाला चालली असती.

अधिकाऱ्याने मला नाकारलं नव्हतं. मी त्याच्यासमोर जी मुलगी कागदावर उभी केली होती, तिला नाकारलं होतं. आणि ती मुलगी मलाही पटली नसती.

दुसऱ्या अर्जात काय बदललं

परत अर्ज करायला थांबावं लागत नाही, पण तोच अर्ज परत पाठवला तर उत्तरही तेच येतं. (नकार अन्यायाचा वाटला तर ६० दिवसांत कॅनडाच्या संघीय न्यायालयात जाता येतं. पण न्यायालय परमिट देत नाही. निर्णय अवाजवी ठरला तर अर्ज दुसऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवतं. माझ्या बाबतीत चूक माझीच होती, त्यामुळे तो रस्ता नव्हता.)

अभ्यासाची योजना मी पहिल्यापासून लिहिली, दोन पानांत. सस्कॅचवान हा प्रांत कॅनडातली बहुतांश मसूर पिकवतो. इथल्या वाटाणा-मसुराला अफॅनोमायसीस नावाचा मूळकुज रोग होतो. दिसायला बुरशीसारखा असला तरी हा खऱ्या बुरशीच्या कुळातला जीव नाही, आणि त्याचे टणक बीजाणू मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. म्हणून इथल्या शेतकऱ्यांना एकदा रोग दिसला की त्या शेतात सहा ते आठ वर्षं मसूर-वाटाणा घेऊ नका असं सांगतात. आमच्या लातूरकडे तुरीला मर रोग येतो, तोही मातीतूनच, फ्युजॅरियम बुरशीमुळे. दोन्हीकडे मूळ प्रश्न एकच: मातीत दडलेला शत्रू पेरणीच्या आधी मोजायचा कसा? ते मोजण्याची पद्धत ज्या प्रयोगशाळेत विकसित होतेय तिथे मला शिकायचं आहे, आणि शिकून झाल्यावर मराठवाड्यातल्या डाळींच्या पट्ट्यात ती कुठे वापरता येईल हे असं असं.

बघा, यात एकही अलंकारिक वाक्य नाही. पण 'हाच विषय का, इथेच का, आत्ताच का, नंतर काय' या चारही प्रश्नांना उत्तर आहे. मामेभावाला मी एक कसोटी सांगितली: तुझ्या योजनेतलं विद्यापीठाचं आणि विषयाचं नाव काढून दुसरं टाकून बघ. तरीही वाक्य चालत असेल तर ते वाक्य खोड.

बाकी बदल साधे होते. निधीचं पत्र जोडलं. बाबांच्या आठ लाखांसाठी बाजार समितीच्या पट्ट्या आणि ठेव मोडल्याची पावती जोडली. चौदा महिन्यांसाठी प्रकल्पाचं प्रमाणपत्र आणि ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद. आणि पहिला अर्ज नाकारला गेला होता, त्यातल्या प्रत्येक मुद्द्याचं उत्तर या या पानावर आहे, असं एका पानाचं पत्र सगळ्यात वर. पाच आठवड्यांनी मंजुरी आली.

पैसा: किती, आणि कुठून

मामाला पडलेला खरा प्रश्न हा होता. १ सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्याने (क्यूबेक सोडून) राहण्याच्या खर्चासाठी वर्षाला २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, म्हणजे चौदा-पंधरा लाख रुपयांच्या घरात. पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च त्याशिवाय. २०२३ संपेपर्यंत हाच आकडा १०,००० डॉलर होता, त्यामुळे जुन्या लेखांवर विसंबून हिशोब करू नका.

पण आकड्याइतकंच महत्त्व आहे त्याच्या इतिहासाला. साधारण चार महिन्यांचं बँक स्टेटमेंट बघितलं जातं. महिनाभरासाठी आणून ठेवलेली रक्कम स्टेटमेंटमध्ये अशी उठून दिसते की तिला भिंग लागत नाही. आणि ती उसनी असून स्वतःची म्हणून दाखवली, तर गोष्ट 'पैसे कमी' इथे थांबत नाही, 'माहिती खोटी' इथे जाते. त्यापेक्षा बँकेचं शैक्षणिक कर्ज दाखवणं सरळ. कर्ज असणं ही कमीपणाची गोष्ट नाही, तो निधीचा मान्य पुरावा आहे. कॅनडातल्या बँकेत आधी पैसे ठेवून नंतर हप्त्याने परत मिळणारी जीआयसी ठेव हाही एक रस्ता. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीम ही जलद योजना बंद झाली, पण जीआयसी पुरावा म्हणून अजून चालते.

आणि सातबारा? मामाने लगेच विचारलं. जमीन म्हणजे हातातला पैसा नाही, तिने फी भरता येत नाही. घराशी असलेलं नातं दाखवायला सातबारा जरूर जोडा, पण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराच्या शपथपत्रासह. मराठी कागद तसाच जोडला तर तो नसल्यासारखाच.

जिथे मी मामावर आवाज चढवला

आता ते 'लिहू नका'. अर्जात थेट प्रश्न असतो: कॅनडाने किंवा इतर कुठल्याही देशाने तुम्हाला व्हिसा, परमिट किंवा प्रवेश कधी नाकारला आहे का? मामेभावाचं खरं उत्तर 'होय' आहे. ते लिहिलं तर काय होईल? अधिकारी कारण वाचेल. टुरिस्ट व्हिसाच्या जुन्या नकाराने स्टडी परमिट आपोआप नाकारलं जात नाही. माझाच नकार होता ना, त्याच देशाचा.

आणि लपवलं तर? कायद्याच्या कलम ४० प्रमाणे महत्त्वाची माहिती खोटी देणं किंवा दडवणं सिद्ध झालं की पाच वर्षं कॅनडाचं दार बंद. इतर देशांची नोंद अधिकाऱ्याला दिसणार नाही, अशा भ्रमात राहू नये. देश एकमेकांत माहिती वाटून घेतात. आणि हे तिकडे पोचल्यावर, शिक्षण सुरू असताना, नोकरी लागल्यावर कधीही उघडकीला येऊ शकतं.

२०२३ मध्ये हे सगळ्या जगाने बघितलं. एजंटने दिलेली प्रवेशपत्रं बनावट निघाली आणि कितीतरी भारतीय विद्यार्थ्यांवर, काहींवर तर शिक्षण आणि नोकरी झाल्यानंतर, देशाबाहेर काढलं जायची वेळ आली. त्यातल्या अनेकांना पत्र खोटं आहे हे माहीतही नव्हतं. त्यानंतर १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्र संस्थेकडून खरं असल्याचं तपासून घेतलं जातं. पण अर्जाची जबाबदारी बदललेली नाही. एजंटने भरला तरी खाली सही तुमची असते.

मामा म्हणाला, "पण एजंट म्हणतोय, सगळेच असं करतात."

मी म्हटलं, "मामा, पाच वर्षांची बंदी एजंटला लागत नाही. गहाण राहील ती जमीनही एजंटची नाही."

मामा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पोराकडे देतो फोन."

उरलेलं, थोडक्यात

प्रांताचं शिफारसपत्र, ज्याला सगळे पाल म्हणतात, ते २०२५ मध्ये एम.एस्सी.-पीएच.डी.वाल्यांनाही लागत होतं. १ जानेवारी २०२६ पासून सरकारी विद्यापीठात पदव्युत्तर किंवा पीएच.डी. करणाऱ्यांना त्यातून सूट आहे. इतरांना लागतं. नियम इतक्या वेळा बदलतात की अर्जाच्या दिवशी सरकारी संकेतस्थळच उघडून बघायचं, माझा हा लेखसुद्धा नाही.

बायोमेट्रिक्सचं पत्र आल्यावर साधारण ३० दिवसांत बोटांचे ठसे द्यावे लागतात. लातूरकरांना त्यासाठी पुणे किंवा मुंबई. वैद्यकीय तपासणी कॅनडाने नेमलेल्या डॉक्टरकडेच होते, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र चालत नाही. पासपोर्टची मुदत बघा, कारण परमिट पासपोर्टच्या मुदतीपुढे जात नाही.

"एका कॉलेजात शिरा, नंतर दुसरीकडे बदला" हा सल्लाही जुना झाला. ८ नोव्हेंबर २०२४ पासून संस्था बदलायची तर नवं परमिट काढावं लागतं. त्याच दिवसापासून सत्र चालू असताना कॅम्पसबाहेर कामाची मर्यादा आठवड्याला २० वरून २४ तास झाली आहे. पण त्या कमाईवर फी भरायचं गणित बांधू नका.

आणि विमानतळावर परमिट हातात आलं की काउंटर सोडायच्या आधी वाचा: नाव, मुदत, कामाच्या परवानगीची ओळ. मी टोरोंटोला इतकी दमले होते की कागद न वाचताच पिशवीत कोंबत होते. मागच्या रांगेतल्या एका पंजाबी काकूंनी खडसावलं, "पुत्तर, पहले पढ ले." वाचला. सगळं बरोबर होतं. तरी त्यांचं बरोबर होतं.

मामेभावाने परवा अर्ज पाठवला. एजंटशिवाय. नाकारल्याच्या प्रश्नावर 'होय', सोबत एक पान स्पष्टीकरण. शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्र, मामाच्या खात्याचं चार महिन्यांचं स्टेटमेंट. जमीन गहाण टाकलेली नाही, निदान अजून तरी. निकाल काय लागेल मला माहीत नाही; सगळं नीट करूनही नकार येऊ शकतो. पण आला तर त्याला टिपणं वाचताना खाली मान घालावी लागणार नाही, आणि परत अर्ज करायचा रस्ता मोकळा असेल.

पुढच्या वेळी परत मुळांकडे वळू. शेतातून मातीचे नमुने आलेत, शीतपेटीत माझी वाट बघत आहेत.